दोन डॉक्टरांच्या मधली बाई

मागच्या महिन्यात मी भूममधल्या एका दवाखान्यात तांबी काढायला गेले. तांबी म्हणजे कॉपर टी; आमच्याकडं बायका तांबीच म्हणतात. ती बसवून दहा वर्षं झाली होती आणि तिची मुदत संपली होती. सोबत सासूबाई होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. तांबी बसवली तेव्हाही त्याच सोबत होत्या, याच दवाखान्यात, आणि त्या दिवशी परतीच्या वाटेवर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

या वेळी काय झालं ते शेवटी सांगते. आधी मधलं सांगायला हवं.

मला बायपोलर नावाचा मनाचा आजार आहे. कधी माणूस इतकं वर जातं की जमीन दिसत नाही, कधी इतकं खाली की उठून पाणी प्यावंसं वाटत नाही. गोळ्यांनी ते आटोक्यात राहतं. माझं राहिलंय. पण या गोळ्या घेणाऱ्या बाईला नवरा असतो, संसार असतो, दर महिन्याला पाळी येते, दिवस राहू शकतात, याचा विचार कुणी करत नाही. मनाचे डॉक्टर मनाचं बघतात, बायकांचे डॉक्टर पोटाचं बघतात. मध्ये जी बाई असते तिची ही हकीकत आहे. शास्त्रीय माहिती मी देणार नाही. ती डॉक्टरांनी द्यायची, आणि नाही दिली तर आपण मागायची.

भट्टी

आमची खव्याची भट्टी आहे. सकाळी दूध येतं, मोठ्या कढईत पडतं, खाली जाळ आणि वर हात. शेवटी शेवटी हात थांबवून चालत नाही, नाहीतर खवा तळाला लागतो. लग्न होऊन आल्यापासून मी हेच काम करते. नवरा दत्ता दूध गोळा करून आणतो आणि तयार खवा पोचवतो. ऋतुजा ही आमची एकुलती मुलगी.

ती सात वर्षांची असताना एका उन्हाळ्यात मला थकवा येईनासाच झाला. मी दोन माणसांचं काम एकटी करायला लागले. आत्याबाई गल्लीत सांगायच्या, "माझी सून म्हंजी इंजन हाय इंजन!" मलाही तसंच वाटत होतं. भट्टीच्या भिंती मी स्वतः रंगवल्या, एक पिवळी, एक हिरवी, तिसरी अर्धी. येईल त्याला बसवून पेढे खाऊ घातले. सोलापूर, लातूर, पुणे अशी तीन दुकानं काढायचं मनात पक्कं केलं आणि बाजारच्या दिवशी भाजीवाल्यांना नोकऱ्या पण देऊन टाकल्या.

मग एका मंगळवारी गल्लीतल्या बायका ओटी घेऊन आल्या. माझ्या, म्हणजे सुरेखाच्या, अंगात देवी आली असं ठरलं होतं. आत्याबाईंनी मला पाटावर बसवलं. बायका विचारायच्या, "माझ्या लेकीचं जमंल का?" आणि मी प्रत्येकीला महिना सांगायचे, अगदी ठामपणे. त्यातल्या एकीच्या मुलीचं लग्न खरंच त्याच महिन्यात जमलं. मग काय, रांग लागली.

एका दुपारी पेटती भट्टी तशीच सोडून मी सोलापूरला दुकान बघायला निघाले. पायात चप्पल नव्हती. एसटीचा कंडक्टर ओळखीचा निघाला म्हणून बरं. त्यानं गाडी सुटायच्या आत दत्ताला फोन केला. दत्ता आला तेव्हा मी गाडीतल्या लोकांना खव्याचे प्रकार समजावून सांगत होते. तो माझ्या शेजारच्या सीटवर बसला आणि म्हणाला, "चल, आपण आधी धाराशिवला जाऊ. तिथं पण एक दुकान बघायचंय." मला तो बेत आवडला. त्यानं मला दवाखान्यात नेलं.

नाव मिळालं तो दिवस

डॉक्टर शांत माणूस होता. माझं बोलणं त्यानं बराच वेळ ऐकून घेतलं, मग दत्ताला विचारलं, आधी कधी असं झालं होतं का. दत्ता म्हणाला, "असं नाही. पण ऋतूच्या वेळी बाळंतपणानंतर दोन-तीन महिने नुसती पडून होती. आम्हाला वाटलं अशक्तपणा."

डॉक्टरांनी मान हलवली आणि आजाराचं नाव सांगितलं.

"बरं होतं का हे?" दत्तानं विचारलं.

"आटोक्यात राहतं. साखरेचा आजार असतो तसं समजा. गोळी रोज घ्यायची."

"किती दिवस?"

"रोज."

"म्हणजे जन्मभर म्हणा की," मी म्हणाले. मला हसू येत होतं. त्या खोलीत दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

काही दिवस भरती करून घेतलं. घरी जाऊन दत्तानं आत्याबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मनाचा आजार? आन् आमी वट्या भरल्या त्या कुनाला?" पुढं गल्लीतल्या एका बाईनं तिनं दिलेल्या खणाची चौकशी केली, तेव्हा आत्याबाईंनी तो धुऊन, इस्त्री करून परत नेऊन दिला.

वॉर्ड

वॉर्डात सगळं वेळेवर असतं. सकाळचा चहा, मग गोळ्या, मग सिस्टर म्हणणार "जीभ उचला", म्हणजे गोळी गिळली का लपवली ते दिसावं. पहिल्या दिवशी मला फार राग आला. मी भट्टी चालवणारी बाई आणि मला जीभ उचलायला लावतात. नंतर पाहिलं की सगळ्याच उचलतात, मग मीही उचलायला लागले. औषध लागू पडलं तशी दुकानं डोक्यातून गेली आणि भीती आली. ऋतू मला बघून घाबरेल का? मी परत कढईपुढं उभी राहू शकेन का? गल्लीतून जाताना लोक बघतील का? (बघितलं. चार-सहा महिने बघितलं, मग कंटाळले.)

शेजारच्या खाटेवर तामलवाडीची एक बाई होती, वयानं माझ्याएवढीच. शेतातली, दोन मुलांची आई. तिसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, "तुमची येनी कोन घालतं वो?" मला वाटलं टोमणा मारतेय. मी केसांना हात लावला तर नुसता गुंता. ती म्हणाली, "द्या इकडं डोस्कं." मग रोज सकाळी ती माझी वेणी घालायची. मी तिची घालायची. गोळ्यांनी माझे हात थरथरायचे, तिची वेणी वाकडी व्हायची, ती आरशात बघून म्हणायची, "लई ग्वाड दिसतंय, जावयाला दाखवावं लागंल." तिला जावई नव्हता. दोन्ही मुलगेच होते.

तिनंच एकदा हळूच विचारलं, "ह्या गोळ्यांनी तुमची पाळी मागंफुडं हुती का वो? माजी तर कवा येती कवा न्हाय, कळंनाच झालंय."

मी म्हणाले, "डॉक्टरांना सांगा की."

"त्या बाप्या मानसाला काय सांगू?"

तेही खरं होतं. मीही नाही सांगितलं. आणि त्यांनीही नाही विचारलं.

मधला रस्ता

घरी आले. गोळ्या चालू होत्या. कढईपुढं उभी राहायला लागले. डोकं जाग्यावर आलं तशी आत्याबाईंना दुसऱ्या नातवाची आठवण झाली. "ऋतूला पाठीवर कुनीतरी पायजे. एकटं लेकरू काय कामाचं?" रोज नाही म्हणायच्या, पण आठवड्यातून एकदा नक्की.

मला आणि दत्ताला इतक्यात नको होतं. आम्ही ठरवलं होतं, वर्ष-दोन वर्षं नीट जाऊ देत, मग बघू. गल्लीत येणाऱ्या आशाताईंकडून मी पाळणा लांबवायच्या गोळ्यांची पाकिटं घ्यायची. त्या आत्याबाईंना कळू नयेत म्हणून पिठाच्या डब्यामागं ठेवायची. मनाच्या गोळ्या फळीवर उघड्यावर, ह्या डब्यामागं. आशाताईंनी कधी विचारलं नाही की दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू आहेत का. मी सांगितलंही नाही. डोक्याच्या गोळ्यांचं गल्लीत आधीच पुष्कळ झालं होतं.

नवरात्र

आमच्या जिल्ह्यात नवरात्र म्हणजे काय असतं ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. घरी घट बसतो, रोज माळ चढते, आणि ते सगळं सुनेच्या हातून. मध्येच पाळी आली तर सगळं अडतं. म्हणून बायका पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतात. सगळ्याच घेतात. त्या दिवसांत मेडिकलवाल्याला नाव सुद्धा सांगावं लागत नाही. "घट आहेत" म्हटलं की पुढं येतात.

त्या वर्षी आत्याबाईंनीच आणून दिल्या. "आवंदा लई नेमानं करायचं. देवीनं तुला बरं केलंय."

मी विचार केला, ही पाळी थांबवणारी गोळी आहे, म्हणजे दिवस राहायचा प्रश्नच नाही. एकाच कामाच्या दोन गोळ्या कशाला? म्हणून डब्यामागचं पाकीट बंद केलं. नंतर मी कितीतरी बायकांना विचारलं. बहुतेकींना हेच वाटतं. शिकलेल्यांना पण. पाळी पुढं ढकलणारी गोळी दिवस राहणं थांबवत नाही, हे त्या गोळीबरोबर कुणी सांगत नाही.

उपास धरला तरी मनाची गोळी मात्र मी एकदाही चुकवली नाही. तिथं मी पक्की होते.

घट उठले. पाळी दिसली न दिसली. नीट आली की नवं पाकीट सुरू करायचं म्हणून थांबले. मग दिवाळीची गर्दी सुरू झाली. खव्याच्या धंद्यात दिवाळी म्हणजे मान वर करायला सवड नसते. पाळी आलीच नाही. मेडिकलवाला म्हणाला, त्या गोळ्यांनी कधी कधी लांबते. मला तामलवाडीच्या बाईचं बोलणं आठवलं आणि वाटलं, मनाच्या गोळ्यांनी होत असेल. कारणं दोन होती, दोन्ही पटण्यासारखी.

मग एका सकाळी कढईत दूध उकळायला लागलं आणि त्या वासानं मला ओकारी आली. इतकी वर्षं ज्या वासात जगले त्याचाच. मी पलटा टाकून बाहेर पळाले. आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर हसू फुललं.

"दूध नको झालंय न्हवं? ऋतूच्या येळंला बी असंच झालतं. पलटा मी धरते, तू बस."

त्यांनी मला हात धरून बसवलं आणि स्वतः कढईपुढं गेल्या. गुडघे दुखत असताना सगळा खवा त्यांनी उतरवला. मध्येच गाणं पण म्हणत होत्या.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं

दुसऱ्या दिवशी दत्ता आणि मी धाराशिवला गेलो. मी आनंदात नव्हते आणि दुःखातही नव्हते. मला फक्त विचारायचं होतं की गोळी चालू ठेवायची का.

डॉक्टरांनी ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. माझ्याकडून राहिलं."

डॉक्टरनं असं म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्यामुळं मला रागावताही येईना.

त्यांनी समजावून सांगितलं. मी घेत होते ती गोळी दिवस गेलेल्या बाईला देत नाहीत. बाळाच्या मणक्याला आणि मेंदूला धोका असतो. होईलच असं नाही, पण धोका लहान नाही. आणि जे व्हायचं ते पहिल्या आठवड्यांतच होऊन गेलेलं असतं, बाईला कळायच्या आत. मी लगेच म्हणाले, "मग आजपासून बंद करते."

"नाही. मनानं बंद करायची नाही. मी बदलून देतो." मग त्यांनी माझ्यासमोर भूमच्या बायकांच्या डॉक्टरांना फोन लावला. माझं नाव, माझी गोळी, माझे दिवस, सगळं सांगितलं. माझ्याविषयी दोन डॉक्टर एकमेकांशी बोलले, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

परत येताना दत्तानं टेम्पो रस्त्याच्या कडेला घेतला. शेतात ज्वारी हिरवी होती. तो म्हणाला, "तू सांग."

"तुम्ही सांगा."

"मी सांगितलं तर जन्मभर म्हणशील तुम्ही सांगितलं."

"आणि मी सांगितलं तर?"

"तर मी म्हणीन दोघांनी ठरवलं."

सोनोग्राफी झाली, बाई डॉक्टरांशी दोनदा बोलणं झालं, आठवडाभर आम्ही दोघं विचार करत राहिलो. मग हे गरोदरपण पुढं न्यायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या कुणी वेगळं ठरवलं असतं आणि तेही बरोबर असतं. आम्ही हे ठरवलं. मी अजूनही दिवाळीच्या गर्दीत कधी कधी थांबते. बस.

काहीच नको

गर्भपातासाठी भूमच्या दवाखान्यात जायच्या दिवसापर्यंत मी घसरायला लागले होते. हे घसरणं मला आता ओळखू येतं. आधी चव जाते, मग आवाज लांबून येतात, मग "करा काय करायचं ते" असं वाटायला लागतं.

आत्याबाई आधी खूप रडल्या. मग त्यांचे डोळे कोरडे झाले आणि त्यांनी पक्कं ठरवलं. दवाखान्यात त्याच पुढं झाल्या. "बाई, आता एकदाचं आपरेशनच करून टाका. परत ही भानगड नको. हिच्या डोस्क्याचं असं, कवा काय करंल नेम न्हाय. हाय ती पोरगी बास झाली."

ज्या बाईला दर आठवड्याला नातू हवा होता ती हे म्हणत होती. वाईटपणानं म्हणत नव्हती. मी अनवाणी एसटीत बसलेली तिनं ऐकलं होतं, मी भिंतीकडं तोंड करून पडलेली बघितली होती. तिला ते परत बघायचं नव्हतं.

बाई डॉक्टर म्हणाल्या, "ऑपरेशन यांचंही होतं. सोपं असतं." त्यांनी दत्ताकडं बोट केलं.

"आन् भट्टीवरची वजनं कोन उचलंल?" आत्याबाई.

"आठवडाभरात उचलतील."

"न्हाय न्हाय. पोराला काय करायचं न्हाय." दत्ता जमिनीकडं बघत होता. त्याला विचारलं असतं तर तो बहुतेक हो म्हणाला असता, पण त्यालाही कुणी विचारलं नाही.

"सुरेखाबाई, तुमचं काय म्हणणं?"

"करा," मी म्हणाले.

डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं. दार लावलं आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. आधी त्यांनी गर्भपाताचं विचारलं. ते मी नीट सांगितलं, का ठरवलं, कधी ठरवलं, कोणत्या गोळीमुळं. त्यांनी मान हलवली. मग ऑपरेशनचं विचारलं.

"तुम्हाला पुढं कधीच मूल नको?"

"नको."

"का नको?"

"मला काहीच नको."

"जेवण?"

"नको."

"घरी जायचंय?"

"नको."

त्यांनी स्टूल आणखी जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "काहीच नको म्हणणाऱ्या बाईचं ऑपरेशन मी करत नाही. मूल नको म्हणणाऱ्या बाईचं करते. बरं वाटलं की या आणि एवढंच सांगा. तोपर्यंत तांबी बसवू. दहा वर्षं चालते, तुमच्या गोळ्यांशी तिचं काही भांडण नाही, आणि पाहिजे तेव्हा काढता येते. चालेल?"

मी हो म्हणाले. त्यांनी परत विचारलं. मी परत हो म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी मलाच बोलून दाखवायला लावलं की काय बसवणार आणि ते निघतं का. मी म्हणाले, "तांबी. निघते." तेवढं बोलायला मला किती कष्ट पडले ते मलाच ठाऊक.

गर्भपात झाला आणि त्याच वेळी तांबी बसली. बाहेर आल्यावर आत्याबाईंना कळलं. "निघतंय ते कशाला बसवायचं?" एवढंच म्हणाल्या आणि घरापर्यंत गप्प.

पुढची वर्षं

तो हिवाळा मी बहुतेक झोपून काढला. नवी गोळी लागू पडायला वेळ लागला. दत्ता दूध पण आणायचा आणि कढई पण बघायचा. खवा करपायचा. ऋतू शाळेतून येऊन माझ्या खाटेवर बसून अभ्यास करायची. आत्याबाई ताट आणून ठेवायच्या, बोलायच्या नाहीत. ताट मात्र कधी चुकलं नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला एक दिवस मी म्हणाले, "आत्याबाई, आमटीत मीठ कमी आहे." त्या दारात थांबल्या. म्हणाल्या, "लागलं का तोंडाला मीठ? बरं झालं." आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आल्या. पदराला तिखट लागलं होतं असं म्हणाल्या.

दोन वर्षांनी त्यांना बीपी निघालं. डॉक्टर म्हणाले, गोळी जन्मभर. त्या घरी येऊन माझ्या फळीपुढं उभ्या राहिल्या. "तुजी कोनती? माजी कोनती? यका जागी ठिव, म्हंजी इसरायचं न्हाय." तेव्हापासून जेवण झालं की आम्ही दोघी गोळी घेतो. "गिळली का?" त्या विचारतात. "जीभ उचला," मी म्हणते. मग त्या मला शिवी देतात.

नंतर माझी चांगली वर्षं आली. तेव्हा दत्तानं आणि मी दुसऱ्या मुलाचा नीट विचार केला. डॉक्टर म्हणाले, होऊ शकतं. आधी ठरवायचं, गोळ्यांचं जमवून घ्यायचं, दोन्ही डॉक्टरांनी मिळून लक्ष ठेवायचं, मग तांबी काढायची. हा आजार असलेल्या बायकांना मुलं होतात, चांगली होतात, हे मला तेव्हा कळलं. तांबीचा खरा उपयोगही तेव्हाच कळला. तिनं दार बंद केलं नव्हतं, घाई फक्त थांबवली होती. आम्ही जवळजवळ वर्षभर विचार केला आणि नको असं ठरलं. तान्ह्या बाळाबरोबर झोप मोडते आणि माझा आजार झोपेवरच उठतो. ऋतूच्या वेळी काय झालं होतं ते आता कळत होतं. दत्ताला थोडं वाईट वाटलं. मलाही वाटलं. पण ते वाईट वाटणं साधं होतं, जेवण जाणारं नव्हतं.

ऋतू आता कॉलेजात आहे. मागं तिनं विचारलं, "आई, मला पण होईल का गं?" मी म्हणाले, "होऊ शकतं, होईलच असं नाही. झालं तर गोळी आहे, आणि मी आहे." ती म्हणाली, "आणि आजीच्या ओट्या?" आम्ही दोघी हसलो.

ज्या बायकांना हे लागू आहे त्यांना थोडं सांगते. मनाच्या डॉक्टरांना पाळीचं आणि मुलाबाळांचं आपणहून सांगा, बाप्या असला तरी. बायकांच्या डॉक्टरांना आणि आशाताईंना मनाच्या गोळ्यांचं सांगा. सगळी पाकिटं एकाच पिशवीत घालून दोन्हीकडं न्या. मनाच्या काही गोळ्यांनी पाळणा लांबवायच्या गोळीचा जोर कमी होतो, काहींचं उलटं, त्या गोळीनं त्यांचाच जोर कमी होतो; तुमचं काय ते विचारल्याशिवाय कळणार नाही. दिवस राहिले असं वाटलं तरी मनानं गोळी सोडू नका, त्याच दिवशी फोन करा. आणि ऑपरेशनसारखं जे परत निघत नाही ते काम बऱ्या दिवसांतच करा. वर असताना नाही, खाली असताना तर नाहीच.

मागच्या महिन्यात

तर आम्ही दोघी दवाखान्यात बसलो होतो. आत्याबाई आता काठी घेऊन चालतात. भिंतीचा रंग बदलला आहे, डॉक्टर त्याच आहेत, चष्मा आला आहे. सिस्टर नवी होती. माझे कागद बघितले, त्यात मनाच्या गोळ्यांचं लिहिलेलं वाचलं, आणि मला सोडून आत्याबाईंकडं वळली.

"आजी, काय करायचं यांचं? नवी बसवायची का ऑपरेशनच करून टाकायचं?"

दहा वर्षं नीट वागलेली बाई मी, पण एका प्रश्नात परत त्याच खोलीत जाऊन उभी राहिले.

आत्याबाईंनी काठी जमिनीवर टेकवली. "मला काय इचारती? तिला तोंड न्हाय व्हय?"

सिस्टर गडबडली. "तसं नाही आजी, मी आपलं..."

"भट्टी ती चालवती, हिसाब ती बघती, मला गोळी ती देती. तिला इचार."

मी आत गेले. डॉक्टरांनी मला ओळखलं. तांबी काढून झाल्यावर तेच स्टूल ओढून बसल्या. "हं, सुरेखाबाई. सांगा."

"मला आणखी मूल नको," मी म्हणाले. "पण ऑपरेशन पण नको. नवी बसवा. पाळी जाईपर्यंत तिच्यावर निभेल का?"

"निभेल."

"मग तीच."

"आणि बाकी?" त्यांनी विचारलं. त्यांना आठवत होतं.

"बाकी पुष्कळ पाहिजे."

पडद्याच्या पलीकडून आत्याबाईंचा आवाज आला, "आधी च्या पायजे म्हनावं. सकाळपास्नं उपाशी बसवलंय."